पाठमोरी उडी

हेसल रोड, हल
३ नोव्हेंबर १९९१

लाइल,

नाक कसं आहे? परवा टीव्हीवर बघितलं तुला. जरा डावीकडे वळलंय. शोभतंय हो. आधी तोंड फारच गोंडस होतं, आता मार खाल्लेला माणूस दिसतोस, म्हणजे आपल्या घरातला दिसतोस.

माफी मागायला लिहीत नाहीये, उगाच भलता समज करून घेऊ नकोस. ईस्टरला आईच्या स्वयंपाकघरात उभा राहून, तोंडात बटाटा घोळवत तू म्हणालास, "नेव्हला काढलं. कंपनी म्हणते, त्याचा ठेका कच्चा आहे." त्या वाक्याला तेच उत्तर होतं. नेव्ह आपल्या ताटात जेवलेला माणूस. बँडचं नाव त्याने ठेवलं, सात वर्षं ड्रम त्याने बडवले, बर्फात तुझी व्हॅन त्याने ढकलली, आणि तुझ्या बहिणीशी लग्न करायचा वेडेपणाही तोच करणार आहे. पुन्हा बोललास तर पुन्हा फोडीन. फक्त या खेपेला आईच्या निळ्या बशा आधी बाजूला ठेवीन.

लिहायचं कारण दुसरंच आहे. तुमचा 'पेपर ट्रॉलर्स' बँड चौदा डिसेंबरला नेटमेकर्स हॉलमध्ये वाजवणार, अशी पोस्टरं लागलीत गावभर. एकाही पोस्टरवर तुझे डोळे शिल्लक नाहीत. सगळे सिगारेटने जाळलेत. रेकॉर्डच्या दुकानाबाहेर पोरांनी तुझी नवी रेकॉर्ड कचऱ्याच्या डब्यात टाकून पेटवली. रस्ताभर जळक्या प्लास्टिकचा वास. जाळायला आधी विकत घ्यावी लागली, तेव्हा त्यातही तुझा फायदाच म्हण.

तुला वाटत असेल, जळतात मेले. नाही रे बाबा. पहिल्या रेकॉर्डची पाकिटं आपल्या जेवणाच्या टेबलावर आपण हाताने चिकटवली होती. ह्याच पोरांनी ती सायकलवरून वाटली होती. तू त्यांचा होतास. मग मोठ्या रेकॉर्ड कंपनीने शीळ घातली आणि तू शेपूट हलवत गेलास. परक्याने दगा दिला तर माणूस चार शिव्या देऊन गप्प बसतो. घरच्याने दिला तर दगड शोधतो.

मी येणार आहे. नेहमीच्याच जागी असेन, डावीकडच्या खांबापाशी, अगदी पुढे. लंडनला जाऊन विसरला असशील तर आठवण करून देते. पुढे आम्ही, घामात, कोपरं आणि ढोपरं खात. मधे हाताची घडी घालून उभे राहणारे, ज्यांची हाडं कुरकुरायला लागलीत. आणि सगळ्यात मागे, बारला टेकून, फुकट आत आलेले कंपनीवाले. पुढचा माणूस एकदा मागे सरकला की परत पुढे येत नाही. मी अजून सरकलेली नाही.

आणि एकच कायदा. पडला की उचलायचा. ज्याने ढोपर मारून पाडलं, त्यानेच बगलेत हात घालून उठवायचं. मी सोळाची असताना बुटांखाली गेले होते तेव्हा मला नेव्हने उचललं. तिथूनच आमचं सगळं सुरू झालं.

स्टेजवरून आमच्या अंगावर मारायचास ती तुझी उडीही आठवते. शेवटचं गाणं, आमच्याकडे पाठ, हात पसरलेले, डोळे मिटलेले. न बघता. "बघून उडी मारतात ते शेजारच्या लीड्सचे," म्हणायचास. आमचे सगळ्यांचे हात वर असायचे. एकदाही चुकले नाहीत.

आई बरी आहे. तुझं नाव काढलं की रेडिओ मोठा करते.

गेनर


१८ नोव्हेंबर

लाइल,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. असो. हे पत्र मात्र नीट वाच, आणि दोनदा वाच.

शनिवारी 'अँकर' पबच्या तळघरात लेस्टर शहरातली चार पोरं वाजवायला आली होती. चांगली होती. गाणारा पिवळ्या केसांचा, काटकुळा, मनापासून, बेंबीच्या देठापासून ओरडत होता. पुढे सगळे आपलेच. नेहमीसारखी धुमश्चक्री. माझी पापणी फुटली, मीही एकाच्या बरगडीत कोपर घातलं, दोघे हसलो. सगळं छान चाललं होतं.

मग त्या पोराने शेवटी हात पसरून उडी मारली. आणि हात खाली गेले.

एकाचेही वर राहिले नाहीत. गर्दी अशी फाटली जसं कोणी मधे उकळतं पाणी ओतलंय. पोरगं हनुवटीवर आपटलं. आमच्या कारखान्यात गोठलेला मासा लादीवर पडला की असाच आवाज येतो, म्हणून मला तो चटकन ओळखता आला. दात सांडले. उठायला गेला तर हात घसरला, स्वतःच्याच रक्तावरून. आणि लाइल, कोणीही वाकलं नाही. इतक्या वर्षांत पडलेल्या माणसाभोवती सगळे नुसते उभे आहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मीच गुडघ्यावर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ते पोर तोंडातलं रक्त गिळत मला विचारत होतं, "मी काय केलं? मी काय केलं?"

त्याने काहीच केलं नव्हतं. वर बघितलं तर नेव्ह खांबाशी उभा. हात खाली घ्यायचा इशारा देणारा तोच होता.

बाहेर येऊन मी त्याची कॉलर धरली. "हे काय होतं रे?"

"तालीम," म्हणाला.

"कसली?"

"चौदा तारखेची."

मी त्याच्या तोंडात मारली. त्याने दुसरा गालही पुढे केला, शांतपणे. नेव्ह आरडाओरडा करतो तेव्हा मला भीती वाटत नाही. तो शांत झाला की वाटते.

उडी मारू नकोस. एवढंच सांगायचंय.

गेनर


२७ नोव्हेंबर

लाइल्या,

तुझ्या कंपनीच्या ऑफिसात फोन केला. "निरोप देते हं, डार्लिंग," म्हणाली एक पोरगी. तिला म्हटलं, डार्लिंग गेली खड्ड्यात, त्याला सांग त्याची मान मोडणार आहे. तिने फोन ठेवला. तेव्हा पुन्हा कागदच.

नेव्हशी बोलले. बोलले म्हणजे काय, काल संध्याकाळी पॅटी आणि चिप्स आणून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "खा, आणि खाता खाता सांग. पडलेल्याला उचलायचं हा कायदा कोणी केला?"

"आपण."

"मग त्या लेस्टरच्या पोराला का नाही उचललं?"

त्याने चिप्सवर आपल्या हलचं ते लाल तिखटमीठ भुरभुरलं. सावकाश. "तो आपल्यातून पडला नाही, गेन. तो वरून पडला. खालचा पडला तर उचलायचा. वरून येणाऱ्याला झेलायचं की नाही, ते खालच्यांनी ठरवायचं. तुझ्या भावाला वाटतं हात आपोआप उगवतात. गवतासारखे."

"अरे, मरेल तो. खाली सिमेंट आहे."

"ड्रमवरून मला उठवलं तेव्हा मी नाही मेलो?"

"तू जिवंत आहेस मेल्या, चिप्स खातोयस!"

"हा जिवंतपणा वाटतो तुला?" असं म्हणाला आणि रडायलाच लागला. लाइल, मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. बंदरात रोजंदारीला लागलाय तो आता, पेट्या उचलतो. घरी आला की टेबलावर बोटं चालत असतात, तुझ्याच गाण्यांचा ठेका. थांबवू म्हटलं तरी थांबत नाहीत. कच्चा ठेका म्हणे! तुझ्या कंपनीच्या बापाने तरी असा ठेका ऐकलाय का?

मी म्हटलं, "तुझ्यावर अन्याय झाला. मान्य. म्हणून तर मी त्याचं नाक फोडलं. पण नाक वेगळं आणि मान वेगळी."

"माझ्या एकट्याच्या हातात आता काही राहिलेलं नाही," म्हणाला. "सगळ्या पोरांनी ठरवलंय. मी नको म्हटलं तरी हात खालीच जाणार."

मी व्हिनेगरची बाटली भिंतीवर फोडली. त्याने दाराच्या काचेतून मूठ आरपार घातली. मग दोघे बसने टाके घालायला गेलो, त्याचा हात माझ्या स्कार्फमध्ये गुंडाळून. बसमध्ये एक आजी म्हणाली, "बाई गं, कुणी मारलं ह्याला?" मी म्हटलं, "दाराने."

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, हा माझा मूर्खपणा. बाबा तुला पट्ट्याने मारायचे तेव्हा मी मधे पडायचे. पाठीवर अजून बकलाची खूण आहे. तेव्हा मधे पडता येत होतं, कारण घर लहान होतं. हॉल मोठा आहे.

आणि ऐक, आईने तिकीट काढलंय. माझ्या नकळत. "लांबून बघीन," म्हणते. तिच्या डोळ्यांसमोर होणार आहे हे.

गा, नाच, शिव्या घाल, कमरेखालचे हातवारे कर, काय वाट्टेल ते कर. उडी मारू नकोस. तोंडावर थुंकतील, थुंकू देत. भेकड म्हणतील, म्हणू देत.

गेनर


९ डिसेंबर

श्रीमान लाइलसाहेब,

तुमच्या ऑफिसातून पाकीट आलं. आत दोन पास. पाहुण्यांच्या यादीत नावं, गळ्यात घालायला दोरी, फुकट पेय. चिठ्ठी नाही. एक ओळ नाही.

पाहुणी म्हणे! मला! मी म्हणजे बारला टेकून, कोट न काढता, वाइनचा ग्लास धरून तुझा कार्यक्रम बघणार? तू 'अँकर'मध्ये पहिल्यांदा गायलास तेव्हा पुढे आम्ही तिघंच होतो, आणि त्यातला एक झाडूवाला होता. शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं. शिवी माणूस आपल्याच माणसाला देतो.

मग रात्रभर एकच विचार. त्याने माझी पत्रं वाचली आणि मला मागे पाठवतोय, म्हणजे मला काही होऊ नये म्हणून? की वाचलीच नाहीत आणि त्या डार्लिंगनेच कुठल्यातरी यादीत नाव शोधून पाठवलं? पहिलं खरं असेल तर तू गाढव आहेस. दुसरं असेल तर तू मेलास.

तिकीट असूनही पास आईलाच दिले. ती शेजारच्या डोरीनला घेऊन वर गॅलरीत बसणार, खालची गर्दी तिला झेपत नाही. मी माझ्या पैशाने तिकीट काढलंय. दुपारपासून दारात उभी राहणार, नेहमीसारखी. डावीकडचा खांब. नेव्हला सांगितलं, "माझे हात वर असतील."

"एकटीचे?"

"एकटीचे."

"त्याचं वजन किती माहितेय?"

"लहानपणी कडेवर घेतलाय मी त्याला."

"तेव्हा तो दोन वर्षांचा होता, गेन." मग म्हणाला, "नको उभी राहूस तिथे. पाया पडतो." मी साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या टाके घातलेल्या हातात ठेवली आणि म्हटलं, चौदा तारखेनंतर बघू.

मला भीती वाटतेय, लाइल. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. उडी मारू नकोस रे. तुझ्या पाया पडते, आजवर मी देवाच्याही पडलेली नाही.

गेन


१९ डिसेंबर

मुडद्या,

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय, वाचून घे. उजव्या खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, दोन बरगड्या गेल्यात. डॉक्टर म्हणाला, "गाडीखाली आलात का?" म्हटलं, भावाखाली.

तू पुढच्या कार्यक्रमाला ग्लासगोला गेलास, म्हणून काय काय झालं ते तुला कळलेलं नाही. तुला फक्त छप्पर दिसत होतं. म्हणून सांगते.

पहिल्या गाण्यालाच थुंकी सुरू झाली. तू पुसलीस आणि गात राहिलास. छान केलंस. मग बाटली आली, तुझ्या नव्या ड्रमरच्या कपाळावर बसली. बिचारा पोरसवदा, डोळ्यात रक्त ओघळलं तरी वाजवत होता. ठेका मात्र खरंच कच्चा. मधे दारावरचे पैलवान गर्दीत घुसले, एकाने माझ्या शेजारच्या पोराचा कान धरून पिरगाळला, त्या पोराने त्याचा अंगठा चावला. मला पोटात एक गुद्दा बसला, कुणाचा ते देव जाणे. खांबाला मिठी मारून जागा राखली. आणि खरं सांगू? तू चांगला गायलास. इतका चांगला की तुझा राग करणारीच माणसं ओठ हलवत होती, शिव्या दिल्यासारखे शब्द म्हणत होती. एकालाही एक शब्द अडत नव्हता.

मग शेवटचं गाणं. मी बघत होते, तू उडी मारायला पुढे येतोस की दिवे घालवून आत पळतोस. मनात म्हणत होते, पळ. भेकडा, पळ.

तू कडेला आलास. पहिल्यांदाच खाली बघितलंस. एकेक चेहरा. मला बघितलंस. मी मान हलवली, नको. तू माइक खाली ठेवलास, पाठ फिरवलीस. आणि मग, पाठमोरा असतानाच, तू डावीकडे सरकलास. पावलं घासत, अंदाज घेत, अगदी माझ्या समोर येईपर्यंत. तेव्हा मला कळलं. सगळी पत्रं वाचलीस तू. शब्दन् शब्द वाचलास आणि नेम धरलास!

हात पसरलेस. नेव्हने काही इशारा दिला नाही, पण हात खाली गेले. सगळ्यांचे, एका दमात. आजूबाजूला अशी मोकळी जागा झाली की मला माझ्या बुटांभोवतीचं सिमेंट दिसलं. मी हात वर केले. वर गॅलरीतून आई ओरडली. तुझं नव्हे, माझं नाव.

आणि तू आलास.

दोन हात पाठीला लागले आणि बाकीचे नाहीत, हे तुला हवेतच कळलं असणार, कारण तू मांजरासारखा वळलास. माझं कोपर तुझ्या नाकावर. तुझं सगळं ओझं माझ्या खांद्यावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. डोकं आपटलं ते माझं. तू माझ्यावर पडलेला, तोंड माझ्या मानेत, गरम रक्त माझ्या कानात, आणि तू म्हणालास, "माहीत होतं."

काय माहीत होतं रे तुला? मला तर माहीत नव्हतं.

मग पुढचं, जे तुला दिसलं नाही. मला श्वास घेता येत नव्हता. वर नुसते चेहरे, गोल करून उभे. लेस्टरच्या पोराभोवती होते तसेच. तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, "गेन खाली आहे! गेन पडलीय!" आणि लाइल, सगळे वाकले. एकदम. ठरवून नव्हे, कुणी विचार करून नव्हे. मी खालची ना. खालचा पडला की उचलायचा. पण वर तू पसरलेला. तुला काढल्याशिवाय मी कशी निघणार? म्हणून त्यांनी आधी तुला उचललं, तुझ्या काखेत, तंगड्यांत, जिथे मिळेल तिथे हात घालून. उचललेला माणूस जमिनीवर कोणी टाकत नाही, त्याची सवयच नाही कुणाला. तुला डोक्यावरून पुढे पुढे देत गेले आणि स्टेजवर नेऊन ठेवलं. शिव्या घालत.

पहिले हात नेव्हचे होते. टाके उसवले, पुन्हा घालावे लागले. आम्ही दोघे इस्पितळात एकाच बाकावर. मी म्हटलं, "शेवटी उचललंसच की."

"मी तुला उचललं," म्हणाला. "तो मधे आला."

अंगठी परत मागितली तर म्हणतो, डाव्या हातात घालून देऊ की उजवा बरा होईपर्यंत थांबतेस? डाव्यात घातली. तुझ्याशी तो अजून बोलणार नाही. पण काल टेबलावर बोटं चालली होती तेव्हा मधेच थांबून म्हणाला, "त्या नव्या ड्रमर पोराला सांग, तिसऱ्या गाण्यात घाई करतो." तेव्हा सांगतेय, त्या पोराला सांग. आणि स्वतः येऊन नेव्हची माफी माग. उभ्याने, तोंडात बटाटा न घेता.

आई काय म्हणते ऐक. ती म्हणते, "त्याला ठाऊक होतं ती हलणार नाही, म्हणून त्याने उडी मारली. आणि ह्याला तो प्रेम म्हणणार." मग तिने रेडिओ लावला नाही.

मी रागावले आहे, लाइल. ईस्टरला होते त्याहून जास्त. नाक पुन्हा मोडलं असं पेपरातल्या तुझ्या मुलाखतीत वाचलं. या खेपेला मी मुद्दाम नाही केलं, पण बसलं कोपर, बरं झालं. त्याच मुलाखतीत तू म्हणालास, "हलचे लोक मला अजून झेलतात." नाही रे राजा. हलच्या लोकांनी तुला सोडलं होतं. मी झेललं. आणि माझ्याकडे आता वर करायला एकच हात आहे.

ग्लासगोत मी नाही. न्यूकॅसलला नाही. कुठेच नाही. नाताळला घरी ये, निळ्या बशा बाजूला ठेवते. आणि यापुढे उडी मारायचीच असेल तर लीड्सवाल्यांसारखी मार. तोंड पुढे करून. खाली कोण उभं आहे ते बघून.

गेन